क्लोरीनवाली सॉल्व्हंट, माती आणि भूजल: केमिकल ट्रीटमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवलेत. नंबर दिलेत कारण मधेच "अमुक नंबर बघा" असं म्हटलंय. सगळं वाचायची गरज नाही, पण १० आणि १२ सोडू नका. या विषयातले बहुतेक पैसे तिथेच वाया जातात.

१. क्लोरिनेटेड सॉल्व्हंट म्हणजे नक्की कोणती, आणि ती जमिनीत येतात कुठून?

टीसीई म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, पीसीई म्हणजे टेट्राक्लोरोइथिलीन (ड्रायक्लीनिंगवाले याला पर्क म्हणतात), टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोइथेन, शिवाय कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन. तेलकट, ग्रीसवाला धातू साफ करायला, कपडे ड्रायक्लीन करायला, इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट धुवायला वर्षानुवर्षं वापरली गेली. जमिनीत जातात ती गळक्या टाकीतून, ड्रेनेजच्या सांध्यातून, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा शेडच्या मागे ओतलेल्या ड्रममधून. आज सापडणारं प्रदूषण खूपदा कित्येक दशकं जुनं असतं, ज्याने केलं तो कधीच निघून गेलेला असतो.

२. पेट्रोल-डिझेलच्या गळतीसारखंच ना हे?

नाही, जवळपास उलटं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आणि ऑक्सिजन मिळाला की बॅक्टेरिया ते खातात. टीसीईची घनता १.४६ आणि पीसीईची १.६२, म्हणजे ही पाण्यात बुडतात, भूजलाच्या पातळीखाली जातात आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतात, थर ज्या बाजूला उतरता असेल तिकडे घरंगळतात, मग भूजल उलट्या दिशेला वाहत असलं तरी त्यांना फरक पडत नाही. अशा पाण्यापेक्षा जड, न मिसळणाऱ्या द्रवाला डीएनएपीएल म्हणतात. वाटेत मातीच्या कणांमध्ये बारीक थेंब अडकून राहतात ते वेगळेच, आणि ते पंप लावून बाहेर येत नाहीत.

३. थोडंसंच सांडलं होतं, एवढ्याने काय होतंय?

हिशोब करा. एक लिटर टीसीई म्हणजे १.४६ किलो. अमेरिकेच्या ईपीएची (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ पीपीबी (अब्जात ५ भाग). त्या हिशोबाने एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणू शकतं. आणि पाण्यात ते लिटरला साधारण ११०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळतं, म्हणजे मर्यादेच्या दोन लाखपटीच्या वर. विरघळायला कमी म्हणून साठा लवकर संपत नाही आणि मर्यादेच्या मानाने भरपूर विरघळतं म्हणून पाणी खराब होतच राहतं, असा दोन्हीकडून मार.

४. बोअरच्या पाण्याला वास नाही, चव नाही, मग प्यायला हरकत काय? आणि उकळलं तर?

वास येतो तो मर्यादेच्या कितीतरी वरच्या प्रमाणाला, त्यामुळे नाकावर विश्वास ठेवू नका, लॅबची टेस्टच लागते. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) टीसीई आणि व्हिनाइल क्लोराइड (टीसीई अर्धवट तुटल्यावर बनतं, ९ बघा) दोन्ही माणसात कॅन्सर करणाऱ्या गट १ मध्ये टाकलेत, पीसीई गट २ए मध्ये, म्हणजे बहुधा कॅन्सर करणाऱ्यांत आहे. उकळल्यावर ही द्रव्यं पाण्यातून उडतात खरी पण उडून जातात ती तुमच्याच घरातल्या हवेत, आणि श्वासातून गेलेलं काही बरं नसतं. गरम पाण्याच्या शॉवरलाही हेच लागू. तोपर्यंत दुसरं पाणी शोधा, नाहीतर नीट डिझाइन केलेला आणि वेळेवर बदलला जाणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टर, पण व्हिनाइल क्लोराइड असेल तर कार्बन त्याला फारसं धरत नाही हे लक्षात ठेवा.

५. केमिकल ट्रीटमेंटमध्ये नेमकं करतात काय?

दोनच रस्ते. एक, ऑक्सिडेशन: जमिनीत जोरदार ऑक्सिडंट सोडायचा, तो रेणू तोडतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी, क्लोराइड उरतं. दोन, रिडक्शन: लोखंडासारखं इलेक्ट्रॉन देणारं काहीतरी जमिनीत ठेवायचं, ते क्लोरीन काढून टाकतं आणि इथीन, इथेन, ॲसिटिलीनसारखे साधे वायू उरतात. दोन्ही जागेवरच, माती न उकरता. केमिस्ट्री पुस्तकात दोन ओळींची आहे. अवघड आहे ते केमिकल आणि प्रदूषण यांची जमिनीखाली गाठ घालून देणं.

६. ऑक्सिडंट तर चार-पाच दिसतात, घ्यायचा कुठला?

परमँगनेट, म्हणजे लॅबमधले तेच जांभळे स्फटिक. टीसीई, पीसीई, डीसीई (डायक्लोरोइथिलीन), व्हिनाइल क्लोराइड या सगळ्यांवर चालतं कारण ते कार्बनच्या दुहेरी बंधावर हल्ला करतं. जमिनीत आठवडे, कधी महिने टिकतं, म्हणून हळूहळू लांबवर पसरतं, आणि द्रावण पाण्यापेक्षा जड असल्याने खाली उतरतं, जे इथे फायद्याचंच आहे. पोटॅशियमवालं साध्या तापमानाला ६ टक्क्यांच्या आसपासच विरघळतं, सोडियमवालं तयार ४० टक्के द्रावणात मिळतं. तोटा म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ बनतो, तो मातीची छिद्रं बुजवतो.

फेंटन, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह. हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार आक्रमक, क्षणभर टिकणारे कण) बनतात, जवळपास काहीही तोडतात, पण खेळ काही तासांत, फार तर काही दिवसांत आटोपतो. पीएच ३-४ च्या आसपास लागतो, नाहीतर लोह विरघळलेलं राहत नाही. उष्णता आणि वायू भरपूर निघतात, ते १८ मध्ये आहे.

परसल्फेट मधला मार्ग. आठवडे टिकतं आणि ॲक्टिव्हेट केलं की सल्फेट रॅडिकल देतं. ॲक्टिव्हेशन उष्णतेने, लोहाने, पेरॉक्साइडने, किंवा कॉस्टिक सोडा टाकून पीएच साधारण ११ च्या वर नेऊन. ॲक्टिव्हेट न करता नुसतं ओतलं तर टीसीईवर फार रेंगाळतं, आणि हा प्रकार बघायला मिळतो बरं का, पैसे वाचवायला ॲक्टिव्हेटरच गाळलेला. मागे सल्फेट उरतं आणि साध्या पोलादाचे पाइप गंजतात.

ओझोन वायू आहे, भूजलाच्या पातळीच्या वरच्या कोरड्या मातीत बरा, पण जागेवरच बनवून सतत सोडावा लागतो.

माझं मत विचाराल तर फक्त टीसीई-पीसीई असेल आणि माती फार सेंद्रिय नसेल तर आधी परमँगनेटचा विचार करा, बाकीचे का नकोत याचं नाही तर का हवेत याचं कारण मागा.

७. आमच्या रिपोर्टमध्ये टीसीए आणि कार्बन टेट्राक्लोराइड आहे, परमँगनेट चालेल?

नाही चालणार. यांच्यात दुहेरी बंध नाही, परमँगनेटला धरायला जागाच नाही. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांचंही तेच. टीसीएला कॉस्टिकने किंवा उष्णतेने ॲक्टिव्हेट केलेलं परसल्फेट, किंवा लोखंड. कार्बन टेट्राक्लोराइडवर लोखंड झटपट चालतं पण साखळी क्लोरोफॉर्म, मग डायक्लोरोमिथेन अशी खाली येते आणि डायक्लोरोमिथेनवर लोखंड थांबतं. म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड कमी झालं एवढ्यावर खूश होऊ नका, खालची नावंही त्याच रिपोर्टमध्ये बघा. १,२-डायक्लोरोइथेनवरही साधं लोखंड चालत नाही.

८. लोखंडाचा चुरा जमिनीत पुरून पाणी साफ होतं हे खरंच आहे का?

खरंच आहे आणि जुनं आहे. कॅनडात वॉटरलू युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट गिलहॅम यांच्या टीमने १९९१ मध्ये बॉर्डनला जमिनीत लोखंडाची पहिली भिंत घालून बघितली, आणि नव्वदीच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला पहिली पूर्ण आकाराची व्यावसायिक भिंत बसली. पाण्याच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोखंडाचे कण आणि वाळू भरायची, पाणी आपोआप त्यातून जातं आणि पलीकडे साफ निघतं, पंप नाही, वीज नाही.

पण भिंत फक्त येणारं पाणी साफ करते, मागचा साठा तिथेच असतो. पाणी भिंतीला वळसा घालून किंवा खालून गेलं तर सगळं फुकट, म्हणून आधी पाण्याची दिशा नीट मोजावी लागते. कार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात लोखंडावर थर चढून ते मंदावतं. साठ्यात थेट सोडायचं असेल तर बारीक किंवा नॅनो लोखंड वापरतात, ते जोरात काम करतं पण टिकतं कमी आणि गुठळ्या होऊन फार लांब जात नाही. गंधक चढवलेलं लोखंड आलंय ते पाण्याशी कमी आणि टीसीईशी जास्त रिॲक्ट करतं, त्यामुळे वाया कमी जातं.

९. रिडक्शन केलं की व्हिनाइल क्लोराइड बनतं म्हणे, मग आगीतून फुफाट्यात नाही का?

भीती बरोबर आहे पण अर्धी. बॅक्टेरिया क्लोरीन एकेक करून काढतात: पीसीई, टीसीई, सिस-डीसीई, व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी इथीन. व्हिनाइल क्लोराइडची ईपीए मर्यादा २ पीपीबी आहे, टीसीईपेक्षाही कडक. शेवटच्या पायऱ्या उतरणारे बॅक्टेरिया डीहॅलोकोकॉइड्स जातीचे, पीसीईला इथीनपर्यंत नेणारा त्यांचा पहिला शुद्ध प्रकार १९९७ मध्ये जाहीर झाला. हे जमिनीत नसतील किंवा फार कमी असतील तर साखळी सिस-डीसीईवर अडकते. लोखंडावर मात्र मुख्य रस्ता वेगळा आहे, एका झटक्यात दोन क्लोरीन निघून ॲसिटिलीनमार्गे जातं, व्हिनाइल क्लोराइड त्यामानाने थोडंच बनतं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं टीसीई कमी झालं का ते न बघता इथीन-इथेन-ॲसिटिलीन वाढतायत का ते बघायचं. वाढत नसतील आणि डीसीई फुगत असेल तर काम अर्ध्यावर अडकलंय.

१०. डोस किती लागतो? कॉन्ट्रॅक्टर टनात केमिकल सांगतोय, प्रदूषण तर दीड-दोन किलोच आहे, हा लुटतोय का?

बहुतेक वेळा लुटत नाही. माती स्वतः ऑक्सिडंट खाते, आणि ती प्रदूषणापेक्षा कितीतरी जास्त खाते.

समजा १० मीटर बाय १० मीटर जागा, ५ मीटर जाडीचा थर, म्हणजे ५०० घनमीटर माती, वजन साधारण ८५० टन. छिद्रांमध्ये ३० टक्के धरलं तर पाणी १५० घनमीटर, त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम टीसीई म्हणजे सगळं मिळून ७५० ग्रॅम. मातीला चिकटलेलं धरून दुप्पट करा, दीड किलो. एक ग्रॅम टीसीईला २.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं (पीसीईला जवळपास १.३), म्हणजे चार किलोही नाही. आता मातीतले सेंद्रिय पदार्थ, सल्फाइड, विरघळलेलं लोह यांची भूक किलोमागे फक्त २ ग्रॅम धरा, जी काही फार नाही. ८५० टनाला १७०० किलो.

चार किलो विरुद्ध १७०० किलो. म्हणून डोस ठरतो तो प्रदूषणाने नाही, मातीने. ही भूक लॅबमध्ये त्याच साइटच्या, त्याच खोलीच्या मातीवर मोजायची असते, शेजारच्या प्लॉटचा आकडा चालत नाही, एकाच साइटवर वरची वाळू आणि खालचा काळा गाळ यांच्यात कितीतरी पटींचा फरक पडतो. ही टेस्ट न करता कोटेशन देणाऱ्याला मात्र जरूर प्रश्न विचारा. आणि भूक फारच निघाली तर ऑक्सिडेशनचा नादच सोडून रिडक्शनकडे वळणं शहाणपणाचं.

११. एवढं केमिकल जमिनीत पोचवतात कसं?

बोअर किंवा जमिनीत दाबून घुसवलेल्या रॉडमधून, वेगवेगळ्या खोलीवर, एकेका पॉइंटमध्ये काही मीटर अंतर ठेवून. वरच्या उदाहरणात १७०० किलो ४ टक्क्यांच्या द्रावणात म्हणजे सुमारे ४२,५०० लिटर, छिद्रांतल्या पाण्याच्या पावपटीहून थोडं जास्त. कमी पाण्यात घट्ट द्रावण ढकलून "डोस पूर्ण" दाखवता येतो पण ते पसरत नाही, पॉइंटभोवती बसून राहतं. दाब जास्त लावला तर जमीन फाटते आणि द्रावण वर येतं, कधी जुन्या बोअरमधून, कधी गटारात. अजून एक, नेहमी बाहेरून आत यायचं. मधोमध सुरू केलं तर घाण पाणी बाहेर ढकललं जातं.

१२. ट्रीटमेंट झाली, सगळे आकडे खाली आले, आणि वर्षभरात पुन्हा वर. फसवलं का आम्हाला?

याला रिबाउंड म्हणतात आणि तो इतका कॉमन आहे की न आला तर मीच आश्चर्य करेन. प्रदूषण वीस-तीस वर्षं तिथे बसलेलं असतं, त्या काळात ते वाळूतून चिकणमातीत आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरतं. केमिकल ढकललं की ते सोपी वाट घेतं, म्हणजे वाळू. वाळू साफ होते, केमिकल संपतं, आणि मग चिकणमातीतलं टीसीई हळूहळू परत साफ वाळूत झिरपायला लागतं. मुरायला जितका काळ लागला त्याहून बाहेर यायला जास्त लागतो.

म्हणून एकाच फेरीचं बजेट घेऊन येऊच नका, दोन-तीन फेऱ्या आधीच धरा, आणि पहिल्या फेरीनंतर पुढची कुठे करायची ते रिबाउंडच सांगतो, कारण जिथे आकडा उसळतो तिथेच साठा लपलाय. चिकणमाती जाड असेल तर टिकाऊ परमँगनेट, मोठ्या ऑगरने (जमिनीत फिरवायचं स्क्रूसारखं यंत्र) माती आणि केमिकल जागेवरच कालवणं, किंवा सरळ जमीन तापवणं (पीसीई आणि पाणी एकत्र ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतात) हे पर्याय बघा. फेंटन इथे सगळ्यात वाईट, चिकणमातीत शिरायच्या आत संपतो. "काम झालं" म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर महिन्याभरातला रिपोर्ट दाखवत असतील तर त्याला काही अर्थ नाही, निदान वर्षभराचे आकडे हवेत.

१३. आमचे आकडे तर इंजेक्शननंतर लगेचच वाढले, हा पण रिबाउंड का?

नाही, हा वेगळा प्रकार. पहिल्या काही आठवड्यांत वाढ होते ती घाण पाणी सरकल्यामुळे (११ बघा) किंवा मातीला चिकटलेलं सुटून पाण्यात आल्यामुळे. घाबरू नका, पण प्रवाहाच्या खालच्या बाजूची मॉनिटरिंग वेल (पाण्याचे सॅम्पल घ्यायला मारलेली बोअर) मात्र लगेच तपासा, तिकडे कुणी पाणी पीत असेल तर जास्तच.

१४. मॉनिटरिंग वेलमधलं पाणी जांभळं-गुलाबी आहे, सॅम्पल घेऊ की थांबू?

घेता येईल, पण परमँगनेट बाटलीतही काम करत राहतं, लॅबला पोचेपर्यंत टीसीई खाऊन टाकतं आणि रिपोर्ट सुंदर येतो. बाटलीत आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड टाकून त्याला मारायचं, परसल्फेटलाही तेच, आणि लॅबला तसं सांगायचं. बाटलीत हवेचा बुडबुडा नको, हे तर नेहमीचंच. रंग असताना आलेला शून्य आकडा हा निकाल धरू नका, रंग जाऊन पाणी स्थिरावल्यावरचा धरा.

१५. एक प्रदूषण काढताना दुसरं तयार होतं का?

होतं. ऑक्सिडेशनमध्ये मातीतलं निरुपद्रवी तीन-संयुजी क्रोमियम विषारी सहा-संयुजी होतं, बहुतेक जागी ते ऑक्सिडंट संपल्यावर पुढे काही काळात परत खाली येतं पण बोअर जवळ असेल तर तेवढी वाट कोण बघणार, म्हणून डोसच्या टेस्टबरोबर क्रोमियमही मोजून घ्या. परमँगनेट खाणीतल्या खनिजापासून बनतं, त्यात मुळातच थोडे जड धातू असू शकतात, ग्रेड विचारा. रिडक्शनमध्ये उलट: लोह, मँगनीज आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं, मिथेनही बनतो.

१६. ऑक्सिडंटने जमिनीतले चांगले बॅक्टेरिया मरतात ना? मग आधी केमिकल आणि नंतर बॅक्टेरिया हे कसं जमतं?

मरतात, पण सगळे नाही, आणि बाजूचं पाणी आत आलं की परत येतात. खरी अडचण वेगळी आहे: डीहॅलोकोकॉइड्सला ऑक्सिजन अजिबात चालत नाही आणि ऑक्सिडेशननंतर जमीन काही महिने ऑक्सिजनवाली असते, वर मँगनीज डायऑक्साइड उरलेलं असेल तर नंतर टाकलेला बॅक्टेरियाचा खुराक आधी त्यातच जातो. म्हणून साठ्यावर ऑक्सिडंट आणि खालच्या पसरलेल्या भागात बॅक्टेरिया, अशी जागेची वाटणी बरी. एकाच जागी दोन्ही एकाच वेळी कुणी सुचवत असेल तर ते एकमेकांनाच मारतील.

१७. १,४-डायऑक्सेन पण सापडलंय, हे कुठून आलं?

टीसीएमध्ये ते स्टॅबिलायझर म्हणून घालायचे. पाण्यात पूर्ण मिसळतं, मातीला चिकटत नाही, म्हणून टीसीएच्या पुढे पळतं. लोखंड त्याला काही करत नाही, परमँगनेट फार मंद. ॲक्टिव्हेट केलेलं परसल्फेट किंवा फेंटन. टीसीए सापडलं की डायऑक्सेनची टेस्ट वेगळी सांगून करून घ्या, नेहमीच्या टेस्टमध्ये कमी प्रमाणात ते दिसत नाही.

१८. काम चालू असताना धोका काय?

खूप आहे, हलक्यात घेऊ नका. परमँगनेट आणि परसल्फेट लाकूड, कापड, तेल, ग्लायकॉल यांच्या संगतीत पेटू शकतं, म्हणून सांडलेलं घट्ट द्रावण लाकडाच्या भुशाने टिपायचं नाही. ते आधी भरपूर पाण्याने पातळ करायचं, मग न्यूट्रलाइझ. ४० टक्के सोडियम परमँगनेटवर घट्ट थायोसल्फेट सरळ ओतणं म्हणजे उकळता फवारा अंगावर घेणं. फेंटनमध्ये तापमान इतकं चढू शकतं की पीव्हीसीच्या वेल मऊ होतात, आणि निघालेला वायू टीसीईची वाफ घेऊन गटारात, केबलच्या डक्टमध्ये, तळघरात शिरतो. इमारतीखाली किंवा पेट्रोलची जुनी गळती असलेल्या जागी फेंटन मी तरी सुचवणार नाही.

१९. त्यापेक्षा माती उकरून नेली तर?

साठा वरच्यावर आणि छोटा असेल तर बिनधास्त उकरा, सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. भूजलाच्या पातळीखाली गेलात की पाणी उपसणं, बाजू कोसळणं, वाफा, आणि ती माती टाकायची कुठे, सगळंच महाग होतं.

२०. साठा थेट सापडला, वेलच्या तळाशी वेगळा द्रव दिसतोय, आता डोस वाढवायचा का?

थांबा, आधी तो द्रव जमेल तेवढा बाहेर काढा. ऑक्सिडेशन विरघळलेल्या टीसीईवर होतं, साठ्यावर थेट नाही, आणि परमँगनेटने साठ्याच्या भोवती मँगनीज डायऑक्साइडचं कवच चढतं, आत टीसीई तसंच राहतं आणि बाहेरून सगळं छान दिसतं. द्रव दिसत नसला तरी पाण्यातलं प्रमाण विरघळण्याच्या मर्यादेच्या १ टक्क्याच्या वर असेल, म्हणजे टीसीईला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर जवळपास साठा आहे असं धरूनच चाला. आणि शोधाच्या नादात साठा अडवून धरलेल्या चिकणमातीच्या थरातून आरपार बोअर मारू नका, आतापर्यंत वाचलेलं खालचं पाणी त्या भोकातून जाईल.